खाप्याचे मँगनीज आणि पुरुषाचे हाड



कन्हानच्या उंच काठावर वसलेल्या खाप्याला दोन धंद्यांनी ओळख दिली. एक हातमागाचा आणि दुसरा काळ्या दगडाचा. येथे नगरपालिका 1867 साली आली. कोष्ट्यांचे माग त्याच्याही आधीचे. 1901 च्या शिरगणतीत वस्ती साडेसात हजारांच्या आसपास भरली, तेव्हा गिरणीच्या कापडापुढे माग मागे पडू लागले होते. आणि त्याच सुमारास नागपूर जिल्ह्यात मँगनीजचा दगड फोडण्यास सुरुवात झाली होती. गुमगाव, रामडोंगरी, कोदेगाव ही नावे भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत गेली ती या दगडामुळे. गुमगावची खाण आजही खाप्याच्याच पत्त्यावर ओळखली जाते.

या दगडातला धातू, आणि त्याच्यासारखेच दुसरे जड धातू, माणसाच्या हाडाशी कसे वागतात, आणि त्यातही पुरुषाच्या हाडाची चौकशी करावयास जगाला इतका उशीर का लागला, हा आजचा विषय आहे. तो वैद्यकाचा वाटेल. परंतु हाड हा अवयव फार उशिरा बोलतो. विशीत अंगात शिरलेल्या धातूची तक्रार ते सत्तरीत करते. ज्या गोष्टीचे कारण आणि कार्य यांत पन्नास वर्षांचे अंतर पडते, तिचा तपास डॉक्टराइतकाच इतिहासकारालाही करावा लागतो, म्हणून मी हा विषय घेतला.

प्रथम दगडाची हकीकत सांगतो. भारतीय भूगर्भ सर्वेक्षण खात्यातले एल. एल. फर्मोर यांनी हिंदुस्थानातील मँगनीजच्या साठ्यांवर 1909 साली हजारावर पानांचा एक प्रबंध प्रसिद्ध केला. आपल्या भागातील ज्या खडकांत हे खनिज सापडते त्यांपैकी एकाला त्यांनी ‘गोंडाइट’ हे नाव दिले, ते गोंड लोकांवरून. छिंदवाडा जिल्ह्यातील सीतापार या खेड्यावरून आणखी एका खनिजाचे नाव ‘सीतापाराइट’ असे पडले. पुढे ते खनिज अमेरिकेत आधीच ठाऊक असलेल्या दुसऱ्या एका खनिजाचेच रूप ठरले आणि बिचाऱ्या सीतापारचे नाव पुस्तकांतून मागे पडले. असो. फर्मोर यांच्या ग्रंथात दगडाचे पृथक्करण टक्क्याच्या बारीक अंशापर्यंत दिलेले आढळते: मँगनीज इतके, लोह इतके, सिलिका इतकी, फॉस्फरस इतका. तो दगड फोडणाऱ्याच्या आणि टोपल्यातून वाहणाऱ्याच्या अंगात त्यातले काय उतरले, हे मात्र त्या काळी मोजताच येत नव्हते. रक्तातला किंवा लघवीतला धातू लक्षांश मापाने सहज मोजता यावा, यासाठी ॲलन वॉल्श या शास्त्रज्ञाच्या 1955 च्या प्रकाश-शोषणाच्या पद्धतीची वाट पाहावी लागली. म्हणजे खाणी सुरू झाल्या आणि माणूस मोजण्याचे साधन हाती आले, यांच्यामध्ये दोन पिढ्या गेल्या.

धंदा मात्र झपाट्याने वाढला. 1896 साली ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट’ ही विलायती कंपनी निघाली, तिचेच रूपांतर पुढे ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी’त झाले. पोलाद करताना त्यातला प्राणवायू व गंधक काढून टाकावयास मँगनीज लागते. त्याच्यावाचून पोलाद ठिसूळ निघते. रशियात 1905 साली दंगेधोपे झाले, तिकडचा माल अडला, आणि युरोपातल्या भट्ट्यांनी आपल्या सातपुड्याकडे पाहिले. 1907 साली हिंदुस्थानचे उत्पादन 9 लाख टनांच्या घरात गेले. त्यानंतर 1930 नंतरची मंदी आली आणि कित्येक खाणी ओस पडल्या. 1962 साली भारत सरकार, महाराष्ट्र व मध्य प्रदेश ही राज्ये आणि ती विलायती कंपनी यांच्या भागीदारीत ‘मॉइल’ ही कंपनी झाली, आणि 1977 साली विलायती हिस्सा संपून ती पूर्णपणे सरकारी झाली. टनांचा आणि भागभांडवलाचा हा सगळा इतिहास व्यवस्थित नोंदलेला आहे.

आता थोडे दूर, ग्लासगो शहरात, जाऊ. खाप्याच्या कोष्ट्यांचा आणि मँगनीजचा संबंध खाणीपेक्षा जुना आहे, आणि तो तिकडून आला आहे. 1774 साली शेले या स्वीडिश रसायनज्ञाने मँगनीजचा काळा ऑक्साइड आणि मिठाचे आम्ल यांपासून क्लोरीन वायू काढला. या वायूने कापड पांढरे होते. पूर्वी कापड उन्हात पसरून, आठवडेच्या आठवडे भिजवून वाळवून पांढरे करावे लागे. 1799 साली ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट यांनी विरंजक चूर्णाचा, म्हणजे ज्याला आपण ब्लीचिंग पावडर म्हणतो त्याचा, एकाधिकार मिळवला आणि मग लँकेशायरचे कापड दिवसांच्या हिशेबात पांढरेशुभ्र होऊन आगबोटीवर चढू लागले. आपल्या मागांना ज्या स्वस्त कापडाने हरवले, त्याच्या पांढरेपणात मँगनीजचा वाटा होता.

त्या कारखान्यात हा काळा ऑक्साइड दळावा लागे. दळणाऱ्यांपैकी पाच जणांची हकीकत जेम्स कूपर या डॉक्टरांनी 1837 साली लिहून ठेवली. मँगनीजच्या विषबाधेची ती जगातली पहिली नोंद. पाचही जण पुरुष होते. पाय अशक्त होतात, चालताना शरीर पुढे झोके खाते, आवाज बारीक होतो, तोंडातून लाळ गळते. हे वर्णन वाचताना आपल्याला कंपवाताची आठवण येते, आणि ती बरोबरच आहे. कारण मँगनीजची धूळ दीर्घकाळ श्वासावाटे गेली तर ती मेंदूच्या तळाशी असलेल्या, हालचालींचा तोल सांभाळणाऱ्या गाठींत साठते. चेहरा मुखवट्यासारखा होतो. माणूस चवड्यांवर, कोंबड्यासारखा चालू लागतो. मागे पाऊल टाकायला सांगितले तर पडतो. चिली देशातल्या खाणकामगारांत आरंभी विनाकारण हसण्या-रडण्याचे झटके येत, म्हणून तिकडे या रोगाला ‘मँगनीजचे वेड’ असेच म्हणत.

‘मागे पाऊल टाकले तर पडतो’ हे लक्षण ध्यानात ठेवावे. हाड मोडावयास दोन गोष्टी लागतात, एक ठिसूळ हाड आणि दुसरी पडण्याची घटना. डॉक्टरांच्या कोष्टकांत या दोन्हींची खाती वेगवेगळी असतात. मेंदूचा तज्ज्ञ तोल पाहतो, हाडांचा तज्ज्ञ हाड पाहतो. पडणारा माणूस मात्र एकच असतो.

मँगनीज आणि हाड यांचे नाते मोठे विलक्षण आहे. 1930 च्या दशकात अमेरिकेत कोंबड्यांच्या पिलांमध्ये पाय वाकडे होण्याचा एक रोग पसरला होता. घोट्याचा स्नायुबंध जागचा सरके आणि पिलू लंगडे होई. खाद्यात मँगनीजची उणीव असल्याने हे होते, असे 1936-37 च्या सुमारास ठरले. म्हणजे हाड घडावयास हा धातू लागतोच. आपल्या शरीरातल्या एकूण मँगनीजपैकी जवळजवळ 40 टक्के हाडांत असते. थोडे असेल तर हाड घडते. खाणीच्या धुळीतून किंवा पाण्यातून जास्त आले तर ते हाडात साठते आणि मेंदूला बाधते. मिठाचे असेच आहे, असे कोणी म्हणेल. पण मीठ जिभेला कळते, मँगनीज कळत नाही.

पाण्यातून येण्याचे उदाहरण जपानचे आहे. तेथे एका विहिरीजवळ विजेरीचे शेकडो जुने सेल पुरून टाकले होते. त्या सेलांतले मँगनीज झिरपून विहिरीत उतरले. ते पाणी पिणारी सोळा माणसे आजारी पडली, काही दगावली. 1941 साली ही हकीकत प्रसिद्ध झाली. आपल्या भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग खाणीतले मँगनीज अशाच सेलांसाठी वापरले जाते, हे येथे सहज आठवले. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक संस्थेने 2012 साली लिटरला 0.1 मिलिग्रॅम ही मँगनीजची इष्ट मर्यादा आणि दुसरे पाणी नसेल तर 0.3 ही कमाल मर्यादा घातली. जागतिक आरोग्य संघटना अलीकडे 0.08 वर आली आहे.

आता मुख्य पात्राकडे, म्हणजे हाडाकडे, वळू. आपल्या प्राचीन वैद्यांनी हाडाचा विचार मोठ्या बारकाईने केला होता. चरकाने हाडांची संख्या 360 दिली, सुश्रुताने शल्यतंत्राप्रमाणे 300 सांगितली. सुश्रुताने अस्थिभंगाचे कांडभग्न आणि संधिमुक्त असे दोन मोठे वर्ग करून पहिल्याचे बारा व दुसऱ्याचे सहा प्रकार सांगितले. बांबूच्या कामट्या आणि पट्ट्या बांधून हाड बसवणारे आपले हाडवैद्य याच परंपरेतले. परंतु हाड ही एक सतत चालू असलेली घडामोड आहे, तिच्यात रोज जुने मोडते आणि नवे बांधले जाते, हे सूक्ष्मदर्शकानंतर कळले. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी नवा होतो. गाव तेच, पण घरे बदलत जातात, तसे हे आहे.

या बांधकामात चुना लागतो, म्हणजे कॅल्शियम. आणि शरीराला ओळख पटवताना चूक होते. शिसे, कॅडमियम यांसारखे धातू कॅल्शियमच्या वेषात आत येतात. शिशाची गोष्ट सर्वांत जुनी आणि सर्वांत स्पष्ट आहे. प्रौढ माणसाच्या अंगातील शिशापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक हाडांत जाऊन बसते, आणि तेथून अर्धे कमी व्हावयास दहा ते तीस वर्षे लागतात. छापखान्यातला खिळे जुळवणारा जुळारी, घरांना रंग देणारा रंगारी, कल्हईच्या कथिलात शिसे मिसळणाऱ्याच्या शेजारी भाता मारणारा पोऱ्या, रस्त्यावर उभा राहून पेट्रोलचा धूर खाणारा शिपाई: या सर्वांच्या हाडांत ते जमा झाले. पेट्रोलमधले शिसे आपल्या देशात 2000 साली बंद झाले. घरगुती रंगांतील शिशावर 90 भाग दशलक्षांश ही मर्यादा 2016 च्या नियमांनी घातली आणि ती 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. तरी जे आधी साठले ते साठलेलेच आहे. म्हातारपणी हाड झिजू लागले, किंवा पाय मोडून माणूस खाटेला खिळला, की हाडातले जुने शिसे रक्तात परत येते. तिशीत घेतलेला डोस सत्तरीत पुन्हा एकदा मिळतो.

कॅडमियमची कथा अधिक करुण आहे, आणि तिच्यामुळेच जगाला हाडाकडे पाहावे लागले. जपानमधील तोयामा प्रांतात जिन्झू नावाची नदी आहे. तिच्या वरच्या बाजूस कामिओका येथे जस्ताची आणि शिशाची मोठी खाण होती, मित्सुई कंपनीची. जस्ताच्या खनिजात कॅडमियम असते. ते धुवून निघालेले पाणी नदीत जाई, नदीचे पाणी भातखाचरांत जाई, आणि भाताच्या दाण्यात कॅडमियम उतरे. त्या खोऱ्यातल्या स्त्रियांना, विशेषतः पुष्कळ बाळंतपणे झालेल्यांना, चाळिशी-पन्नाशीनंतर कंबर, मांड्या, बरगड्या दुखू लागत. खोकला आला तरी बरगडी मोडे. ‘इताई इताई’ म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. रोगाला तेच नाव पडले. आधी हा कुपोषणाचा, अतिश्रमाचा, किंवा त्या भागाच्या नशिबाचा रोग समजला गेला. युद्धावरून 1946 साली परत येऊन आपल्या घराण्याचा दवाखाना चालवणारे डॉ. हागिनो नोबोरू यांनी या बायकांची दुखणी लिहून ठेवली, 1955 साली ती सभेपुढे मांडली, 1957 साली खाणीतल्या धातूंकडे बोट दाखवले, आणि योशिओका व कोबायाशी या शास्त्रज्ञांच्या मदतीने 1961 पर्यंत कॅडमियमचे नाव निश्चित केले. 1968 साली जपान सरकारने हा प्रदूषणाचा रोग आहे असे मान्य केले. गावकऱ्यांनी खटला भरला. 1971 साली जिल्हा न्यायालयात आणि 1972 साली वरिष्ठ न्यायालयात ते जिंकले.

या कथेचे मोल मोठे आहे. पण तिने नकळत एक गैरसमजही पसरवला. मान्यता मिळालेले रुग्ण जवळजवळ सर्व स्त्रिया होत्या. त्यामुळे धातूने हाड ठिसूळ होणे ही बायकांची व्यथा, असे समीकरण होऊन बसले. जिन्झूच्या खोऱ्यात पुरुषांचीही मूत्रपिंडे कॅडमियमने बिघडली होती. ते तपासात दिसून आले, पण त्यांचे हाड मोडून ओरड झाली नाही म्हणून गोष्ट तेथेच थांबली.

हा एकच गैरसमज असता तर निभावले असते. दुसरीकडे, धातूंचा काही संबंध नसता, याच निष्कर्षाला खतपाणी मिळत होते. ‘अस्थिविरलता’ या कल्पनेला नाव दिले ते स्ट्रासबुर्गच्या लॉबस्टाइन यांनी, 1830 च्या दशकात, आणि त्यात स्त्री-पुरुष असा भेद नव्हता. पण 1940-41 साली बोस्टनचे फुलर अल्ब्राइट यांनी पाळी थांबल्यानंतर स्त्रियांच्या हाडांची होणारी झीज दाखवून दिली. संशोधन खरे होते आणि उपयोगीही होते. मात्र त्यानंतर चाळीस-पन्नास वर्षे हा विषय स्त्रीचाच झाला. 1994 साली जागतिक आरोग्य संघटनेने हाड विरळ झाले हे कोणत्या आकड्याने ओळखावे त्याची व्याख्या केली, तीदेखील गोऱ्या, पाळी थांबलेल्या स्त्रियांच्या मोजमापावर आधारलेली होती. खाप्याच्या खाणीत चाळीस वर्षे घण मारलेला माणूस त्या मोजपट्टीत कोठे बसतो? तो गोरा नाही, स्त्री नाही, आणि त्याच्या तरुणपणी त्याच्या हाडाचे माप कोणी घेतलेले नाही.

पुरुषाचे हाड जाड असते, त्याचा साठा मोठा असतो, त्याला पाळी थांबण्यासारखा एकदम बसणारा धक्का नसतो. हे सर्व खरे. पण पासष्ट-सत्तरीनंतर झिजेचा वेग दोघांचाही जवळजवळ सारखा होतो. जगात खुब्याच्या हाडमोडींपैकी सुमारे तिसरा हिस्सा पुरुषांचा आहे, आणि खुबा मोडल्यावर वर्षभरात मृत्यू येण्याचे प्रमाण पुरुषांत स्त्रियांपेक्षा अधिक असते. आपल्याकडे मात्र त्याची नोंद ‘आबा न्हाणीघरात घसरले, मग उठलेच नाहीत’ एवढ्यावर संपते.

पुरुषाच्या हाडाची चौकशी अखेर सुरू झाली ती बेल्जियममध्ये. तेथे जस्ताच्या तीन भट्ट्यांच्या परिसरातील आणि दूरच्या लोकांची पाहणी 1985 पासून झाली, नंतर त्यांपैकी काहींना 1992 ते 1995 मध्ये पुन्हा तपासले, आणि 1999 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लघवीतील कॅडमियम दुप्पट असले तर स्त्रियांत हाड मोडण्याचा धोका स्पष्टपणे वाढलेला दिसला. पुरुषांत उंची घटण्याकडे कल दिसला, म्हणजे मणके दबत असल्याचा संशय, परंतु आकडा निर्णायक नव्हता. खाणीत काम न करता, केवळ भट्टीच्या शेजारी राहून, तेथल्या बागेतला भाजीपाला खाऊन हे होत होते, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

त्याहून नेमके उत्तर स्वीडनमधून 2016 साली आले. 2002 ते 2004 या काळात 70 ते 81 वर्षांचे असलेले 936 पुरुष निवडून त्यांच्या लघवीतील कॅडमियम मोजले गेले आणि पुढे त्यांची हाडे किती मोडली याची नोंद ठेवली गेली. ज्यांच्या अंगात कॅडमियम सर्वांत जास्त त्या चौथ्या हिश्श्यातील पुरुषांच्या हाडांची घनता सर्वांत कमी असलेल्या हिश्श्यापेक्षा 4 ते 8 टक्क्यांनी कमी होती, आणि हाड मोडण्याचा धोका निरनिराळ्या हिशेबांनी 1.8 ते 3.3 पट निघाला. हे लोक खाणकामगार नव्हते. आपल्यासारखे गावात राहणारे, निवृत्त गृहस्थ होते. ज्यांनी आयुष्यात कधी तंबाखू ओढली नाही त्यांच्यातही मणक्याखेरीज इतर हाडे मोडण्याशी कॅडमियमचा संबंध टिकून राहिला. अशा पाहणीतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही, हा इशारा येथे दिला पाहिजे. तरी कॅडमियम मूत्रपिंडाच्या नलिका बिघडवते, त्यातून चुना वाया जातो, ड जीवनसत्त्व कामाला येण्यात अडथळा होतो आणि हाडाच्या पेशींवरही ते थेट आघात करते, हे प्रयोगशाळेत दिसलेले असल्यामुळे हा संबंध आंधळा म्हणता येत नाही.

आपल्या येथे कॅडमियमची खाण नाही. मग खाप्याच्या पुरुषाला ते कोठून मिळणार? याचे उत्तर बऱ्याच घरांत खुंटीला टांगलेल्या सदऱ्याच्या खिशात सापडेल. तंबाखूचे झाड जमिनीतले कॅडमियम ओढून पानात साठवते. धूम्रपान करणाऱ्याच्या अंगात न करणाऱ्यापेक्षा ते साधारण दुप्पट असते. भंडारा-गोंदिया भागातील विड्यांनी विदर्भातल्या किती पुरुषांची सोबत केली ते सांगावयास नको. खाणीत जेवणाची सुट्टी झाली की विडी पेटे. स्फुरद खतांतूनही थोडे कॅडमियम शेतात येते, आणि सावनेर-काटोलच्या संत्राबागा खतावाचून उभ्या राहत नाहीत. त्यात भुयारी खाणीचा माणूस. गुमगावची खाण जमिनीखाली चालते. दिवसपाळीला उतरलेल्याला सूर्य दिसतो तो येता-जाता, आणि ड जीवनसत्त्व तर उन्हानेच त्वचेत तयार होते. काळोख, विडी, धूळ आणि गोंडाइटातल्या स्फटिकाने छातीत झालेला सिलिकाचा रोग, हे सर्व एकाच शरीरात एकत्र येते. प्रयोगशाळेतला उंदीर एका वेळी एकाच धातूला तोंड देतो. खाप्याच्या माणसाला ती सवलत नाही.

पाण्याचा विचार येथेच केला पाहिजे. विदर्भाला पाण्याने हाड वाकते हे नवे नाही. यवतमाळ, चंद्रपूर भागांतल्या काही गावांत फ्लोराइडने गुडघे आखडलेली माणसे दिसतात. फ्लोराइड धातू नव्हे, पण हाडाला ते ओळखते. कन्हानचे पाणी नागपूर शहर पिते. 1958 साली नागपुरात सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधनाची केंद्रीय संस्था निघाली, तिलाच 1974 पासून आपण ‘नीरी’ म्हणतो; म्हणजे पाणी तपासणाऱ्या देशातल्या एका मोठ्या संस्थेच्या अंगणातच आपण राहतो. कोराडी व खापरखेडा येथील वीजकेंद्रांची राख हा खाली राहणाऱ्यांचा प्रश्न आहे; कोळशाच्या राखेत आर्सेनिक, शिसे, पारा अल्प प्रमाणात असतात. जुलै 2022 मध्ये कोराडीच्या राखेचा खसाळा येथील बंधारा फुटला आणि राख कोलार नदीत व तेथून कन्हानकडे वाहिली. खापा या संगमाच्या वरच्या बाजूस आहे, तेव्हा ती राख खाप्याच्या घाटाला लागली असे कोणी समजू नये. खाप्याचा प्रश्न वेगळा आहे, तो स्वतःच्या विहिरींचा आणि खाणीजवळच्या ढिगाऱ्यांवरून पावसाळ्यात वाहणाऱ्या पाण्याचा. त्या पाण्यातले मँगनीज पावसाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, असे दोनदा मोजावयास खर्च फार येत नाही.

कायद्याने या बाबतीत काय केले? 1948 च्या कारखाने कायद्याला जोडलेल्या रोगांच्या यादीत शिशाची आणि मँगनीजची विषबाधा होती. खाणींसाठीच्या कळवावयाच्या रोगांत मँगनीजचे विष होते, पण ‘मज्जातंतूंचा प्रकार’ असे बंधन घालून. म्हणजे खाणकामगार कोंबड्यासारखा चालू लागला तर खाणीच्या मालकाला ते सरकारला कळवावे लागे. तोच खाणकामगार निवृत्त होऊन दहा वर्षांनी अंगणात पडला आणि खुबा मोडला, तर ते कोणाला कळवावयाचे याची तरतूद नव्हती. हाड ठिसूळ होणे हा रोग त्या यादीत वेगळा धरलेलाच नव्हता. नुकसानभरपाईचे सर्व गणित कामावर असताना झालेल्या इजेभोवती फिरते. हाडाला कामावर असेपर्यंत थांबण्याची सवय नाही.

इटलीचे वैद्य रामाझ्झिनी यांनी 1700 साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, आणि रोग्याला विचारावयाच्या जुन्या प्रश्नांत त्यांनी आपल्या एका प्रश्नाची भर घातली: ‘तुझा धंदा काय?’ तीनशे वर्षांवर झाली. खुब्याचे हाड मोडलेला साठीपुढचा पुरुष नागपूरला दाखल होतो, तेव्हा केसपेपरावर धंद्याचा रकाना असतो. खाण सोडून पंधरा-वीस वर्षे झालेली असतात, घरची दोन एकर जमीन असते, मुलगा शेजारी उभा असतो. तो सांगतो आणि कारकून लिहितो: शेती. खाणीतल्या वर्षांना त्या कागदावर जागा मिळत नाही. डॉक्टर हाडात खिळा घालतात, कॅल्शियमच्या गोळ्या लिहून देतात आणि पुढच्या रोग्याकडे वळतात. धंदा कोणता, त्याआधी कोणता, विडी किती वर्षे ओढली, पाणी कोणत्या विहिरीचे, हे चार प्रश्न विचारावयास मिनिटभर लागते. गुमगाव-खाप्याच्या परिसरात विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत खाणीत उतरलेले पुरुष आज साठी-सत्तरीत आहेत, आणि ते उत्तर देऊ शकतात.